रीत पाठ आणि आकृती कोरी

आमच्या वाशीम जिल्ह्यातील एका महाविद्यालयात (कोणत्या, हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही) गेल्या वर्षी नव्या संगणक-कक्षाचा उद्घाटन-समारंभ थाटाने पार पडला. श्रीफळ फुटले, फीत कापली गेली, आणि एका वक्त्यांनी "आजपासून आमची मुले संगणकाप्रमाणे विचार करू लागतील" असे उद्गार काढताच सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांत आमच्याही दोन हातांचा आवाज होता, हे आम्ही प्रथमच कबूल करून टाकतो. पुढील लेख हे त्या टाळ्यांचे प्रायश्चित्त समजावे.

कारण त्याच आठवड्यात प्रथम वर्षाच्या वर्गावर आम्ही तीन साधे प्रश्न घातले. त्यांस यंत्र लागत नव्हते, पुस्तकही लागत नव्हते. पहिला प्रश्न असा : एक चौरस कागद मधोमध दुमडला, पुन्हा मधोमध दुमडून त्याची चौघडी केली, आणि घडीचा जो कोपरा मूळ कागदाच्या मध्यावर येतो तो कात्रीने सरळ छाटला, आता घडी उलगडल्यावर कागद कसा दिसेल, ते काढून दाखवा. दुसरा प्रश्न : आपल्या तालुक्याच्या एस.टी. स्थानकापासून आपल्या घरापर्यंतची वाट अशी लिहून द्या की, अनोळखी मनुष्याने वाटेत कोणासही न विचारता थेट दारात यावे. तिसरा प्रश्न : कपाशीची चौफुली पेरणी चार फूट बाय दोन फूट अंतराने केली, तर एका एकरात किती झाडे बसतील, आणि दोन्ही अंतरे निम्मी केली, तर किती?

परिणाम काय झाला? चौघडीच्या प्रश्नास पुष्कळांनी चार छिद्रे काढली, काहींनी कागदाचे चारही बाह्य कोपरे छाटून टाकले, आणि मध्यावर एकच चौकोनी खिडकी पडते हे फारच थोड्यांच्या ध्यानी आले. वाटेच्या प्रश्नास तर वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांनी एकच उत्तर लिहिले होते : "तेथून सरळ या आणि कोणालाही विचारा." कोणासही विचारावयाचे नाही, ही तर त्या प्रश्नातील मुख्य अट! 'सरळ' म्हणजे कोणत्या दिशेस, किती अंतर, आणि वाटेस फाटा फुटला तर कोणता धरावयाचा, याचा विचार करावा लागतो हेच त्यांस जाणवले नव्हते. कपाशीच्या प्रश्नात, ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कपाशी लावली जाते त्या मुलांनी अंतर निम्मे झाले म्हणून झाडे दुप्पट होतील असे बिनदिक्कत लिहिले. एकराचे ४३,५६० चौरस फूट. प्रत्येक झाडास आठ चौरस फूट जागा, म्हणजे ५,४४५ झाडे. दोन्ही अंतरे निम्मी केली की प्रत्येक झाडास दोनच चौरस फूट उरतात आणि झाडे २१,७८०, म्हणजे दुप्पट नव्हे, चौपट होतात. एक चौकोन काढून त्यास उभी व आडवी अशी एकेक रेघ दिली असती, तर हे पोरासही दिसले असते. रेघ देण्याचे कोणास सुचलेच नाही.

परंतु आमच्या मनास खरा चटका लावला तो एका उत्तरपत्रिकेने. त्या विद्यार्थ्याने चौघडीच्या प्रश्नाचे बिनचूक चित्र पेन्सिलीने काढले होते, आणि मागाहून त्यावर काट मारली होती. "बरोबर होते, मग खोडलेस का?" असे विचारता तो म्हणाला, "सर, याला सूत्र कोणते ते आठवेना. मग चुकलेच असणार असे वाटले." वाचकहो, आमच्या शिक्षणाविरुद्ध याहून कडक फिर्याद आम्हांस लिहिता येणार नाही. त्या मुलास डोळे होते, त्या डोळ्यांनी सत्य पाहिले होते, आणि बारा वर्षांच्या शालेय शिक्षणाने त्यास आपल्याच डोळ्यांवर अविश्वास ठेवण्यास शिकविले होते!

आता या विषयाची नावे पाहू. २००६ साली जीनेट विंग या अमेरिकन विदुषींनी एक छोटासा लेख लिहून 'संगणकीय विचार' ही संज्ञा सर्वतोमुखी केली. यंत्र चालविण्याचे कसब असा तिचा अर्थ त्यांस अभिप्रेत नव्हता. मोठा प्रश्न फोडून त्याचे लहान भाग करणे, भागाभागांतील साम्य ओळखणे, अनावश्यक तपशील गाळून सार तेवढे ठेवणे, आणि शेवटी दुसऱ्या कोणासही डोळे मिटून अनुसरता येईल अशी रीत बांधणे, हा माणसाचा विचार होय. तो लिहिता-वाचता येणाऱ्या प्रत्येकास यावा, असे त्यांचे म्हणणे होते. याचीच जुळी बहीण म्हणजे आकृतीच्या द्वारे विचार करण्याची शक्ती : वस्तू मनात फिरविणे, घडी मनात उलगडणे, नकाशावरून भूमी ओळखणे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही गणिती व संगणकीय विचारास शालेय वयापासून महत्त्व द्यावे, असे स्पष्ट म्हटले आहे. धोरणाशी आमचे भांडण नाही. 'विचार' हा शब्द गाळून 'संगणक' एवढाच ज्यांनी उचलला, त्यांच्याशी आमचे भांडण आहे. खोलीत यंत्रे किती आली हे मोजता येते, त्याचे छायाचित्र घेता येते, अहवालात ते लिहिता येते. मुलाच्या डोक्यात रीत बांधली गेली की नाही, याचे छायाचित्र निघत नाही.

आमच्या या म्हणण्यावर नाना प्रकारचे आक्षेप येतात. त्यांतील चार प्रमुख आक्षेपांचा क्रमाने परामर्श घेऊ.

पहिला आक्षेप असा की, ही शक्ती उपजत असते. ज्यास आहे त्यास आहे, नाही त्यास नाही. हे मत सोयीचे आहे, कारण ते शिक्षकास सर्व जबाबदारीतून मोकळे करते. परंतु ते खरे नाही. १९७१ साली शेपर्ड आणि मेट्झलर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांस ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवून, दोन्ही आकृती एकाच वस्तूच्या आहेत काय, असे विचारले. एक आकृती दुसरीच्या मानाने जितकी अधिक फिरविलेली, तितकाच उत्तरास लागणारा वेळ प्रमाणात वाढत गेला. म्हणजे मन खरोखरच ती वस्तू क्रमाक्रमाने फिरवीत असते. ती एक क्रिया आहे, आणि क्रिया म्हटली की तिचा सराव आलाच. पुढे १९९३ पासून अमेरिकेतील मिशिगन तंत्रविद्या विद्यापीठात शेरिल सॉर्बी यांनी अभियांत्रिकीच्या ज्या नवागत विद्यार्थ्यांस आकृतिविचार जमत नव्हता, त्यांच्यासाठी एक छोटा अभ्यासक्रम चालविला. हाताने आकृती काढणे, ठोकळे फिरवून पाहणे, एवढेच त्याचे मुख्य साधन. त्या अभ्यासाने विद्यार्थी सुधारले, आणि विशेषतः मुली शिक्षण अर्ध्यावर न सोडता पुढे टिकून राहिल्या. उपजत म्हणून जी गोष्ट सोडून दिली जात होती, ती एका सत्राच्या मेहनतीने साधली. मग आमच्या मुलांच्या कपाळी 'ढ' हा शिक्का मारण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

दुसरा आक्षेप याहून अधिक खेदजनक आहे. 'खेड्यातील मुलांना हे झेपत नाही. हे पुण्या-मुंबईचे काम' असे म्हणणारे आमच्याच जिल्ह्यात पुष्कळ आहेत. वाशीम १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला, आणि २०१८ साली देशातील 'आकांक्षित', म्हणजे सरळ मराठीत मागे पडलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत त्याचे नाव आले. त्या नावाची आम्हांस इतकी सवय झाली आहे की, आम्ही आपल्या मुलांच्या बुद्धीसही मागासलेली समजू लागलो आहोत. वास्तविक शेतात दोरी धरून सरळ काटकोनात फुल्या पाडणारा गडी भूमितीच करीत असतो. मानोरा तालुक्यात पोहरादेवीच्या परिसरातील तांड्यांवर एखादी बंजारा वृद्धा काचा बसवून फडकी भरते, तेव्हा एका कोपऱ्यातील नक्षी चारही कोपऱ्यांत उलटसुलट करून जुळवते. ती आकृती मनात फिरविल्यावाचून जुळत नाही. तथापि येथे भावनेच्या भरात वाहून जाणेही योग्य नव्हे. त्या गड्यास आणि त्या वृद्धेस विचारले की, "हे तुम्ही कसे करता?" तर ती म्हणतात, "करता करता येते." हाताचे ज्ञान अजून तोंडी आलेले नाही, कागदावर तर मुळीच आलेले नाही. ते कागदावर आणणे, हातास जे कळते त्याची रीत बांधून देणे, हेच विद्यालयाचे काम होते. आम्ही ते केले नाही. उलट घरचे ते ज्ञान दाराबाहेर ठेवून वर्गात यावे, अशी शिस्त मात्र लावली.

तिसरा आक्षेप आमच्या पूर्वपरंपरेच्या अभिमान्यांचा. 'आम्हांस हे परदेशी पंडितांकडून शिकण्याचे कारण नाही. आमच्याकडे सर्व होते.' होय, होते. आणि म्हणूनच दुःख अधिक. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. भास्कराचार्यांच्या 'करणकुतूहल' या ११८३ च्या सुमाराच्या ग्रंथात लंकेपासून उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांवरून मेरूकडे जाणाऱ्या भूमध्यरेषेवरील स्थळे सांगितली आहेत, त्यांत वत्सगुल्माचे नाव आहे. गावात मध्यमेश्वराचे देवस्थानही ही स्मृती जपून आहे. प्रत्येक सत्कारसमारंभात आम्ही ही गोष्ट अभिमानाने सांगतो. परंतु नकाशा पसरून, पट्टी ठेवून, ती रेघ ओढून पाहा, असे आम्ही आजवर कोणा विद्यार्थ्यास सांगितले काय?

सांगितले असते, तर त्यास दिसले असते की, वाशीम हे उज्जयिनीच्या सरळ दक्षिणेस नाही. ते सव्वा अंशाहून थोडे अधिक पूर्वेस आहे. कुरुक्षेत्र आणि उज्जयिनी हीदेखील नेमकी एका रेषेत येत नाहीत. मग भास्कराचार्य चुकले म्हणून मान खाली घालावयाची काय? मुळीच नाही. येथूनच खरा विचार सुरू होतो. एखादे स्थळ किती उत्तरेस आहे, हे तेथल्या तेथे शंकूची मध्यान्हीची छाया मोजून कळते. परंतु ते किती पूर्वेस आहे, हे कळण्यास दोन स्थळी एकच क्षण ओळखावा लागतो. त्यास चंद्रग्रहणासारखी दोन्हीकडून एकदमच दिसणारी घटना हवी, आणि त्या घटनेची स्थानिक वेळ घटिकापात्राने मोजली पाहिजे. सव्वा अंशाहून किंचित अधिक अंतर म्हणजे सूर्याच्या चालीने सुमारे साडेपाच मिनिटे, आमच्या जुन्या मापाने तेरा-चौदा पळे. पाण्यात बुडणाऱ्या पात्राने शेकडो कोसांच्या अंतरावर एवढा सूक्ष्म फरक पकडणे किती कठीण, याची कल्पना ज्यास आली, त्यास पूर्वजांविषयी जो आदर वाटेल तो पोकळ घोषणेने कधीच वाटणार नाही. प्रश्न फोडणे, आकृती काढणे, मापातील दोषाचा अंदाज घेणे, हे सर्व या एका उदाहरणात आहे. आणि ते आमच्या गावच्या मातीतच पडलेले आहे.

शिवाय ती परंपरा नुसत्या पाठांतराची नव्हती. भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'तील चक्रवाल ही शुद्ध रीत आहे : एक पायरी करा, आलेले उत्तर पुन्हा त्याच पायरीस घाला, आणि इष्ट संख्या येईपर्यंत चक्र फिरवीत राहा. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ साली 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' टीका लिहिली, ती सूत्र सांगून थांबत नाही, उपपत्तीही देते. वर्तुळाचे क्षेत्रफळ अमुक का, तर वर्तुळाचे सुईसारखे निमुळते तुकडे कापा, अर्धे एका बाजूने आणि अर्धे दुसऱ्या बाजूने एकमेकांत बसवा, म्हणजे आयत दिसू लागेल. आमच्या प्रथम वर्षाच्या मुलास वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र येते. हे तुकडे त्याने कधी कापलेले नसतात. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी आधी कात्री हाती घ्यावी.

चौथा आक्षेप अगदी अलीकडचा. 'हल्ली प्रश्न टाकला की उत्तर लिहून देणारी यंत्रे निघाली आहेत. मग रीत आणि आकृती यांचा हा खटाटोप कशास?' ज्यास आपल्या घरची वाट नीट लिहिता येत नाही, तो यंत्रास प्रश्न तरी नीट काय विचारणार? "सरळ या आणि कोणालाही विचारा" अशा तऱ्हेचा प्रश्न यंत्रास घातला, तर उत्तरही तसेच भोंगळ यावयाचे. आणि उत्तर चुकीचे आले, झाडे चौपटीऐवजी दुप्पट सांगितली गेली, तर ते ओळखणार कोण? यंत्र जितके वाचाळ, तितका ते तपासणारा माणूस अधिक जागा हवा.

यावरून आम्ही यंत्रांचे वैरी आहोत असा समज कोणी करून घेऊ नये. सेमूर पेपर्ट यांनी १९८० च्या आपल्या ग्रंथात मुलांच्या हाती एक कासव दिले होते. पडद्यावरील हे कासव 'इतके पुढे जा', 'इतके अंश वळ' एवढीच आज्ञा ऐकते, आणि चालताना मागे रेघ सोडते. आम्ही हाच खेळ महाविद्यालयाच्या अंगणात खडूने खेळलो. एक विद्यार्थी कासव झाला, दुसऱ्याने आज्ञा केल्या. चौकोन सहज जमला : चार वेळा पुढे, चार वेळा नव्वद अंश वळ. मग समभुज त्रिकोण काढावयास सांगितले. त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा, हे सर्वांस पाठ. म्हणून आज्ञा झाली, साठ अंश वळ. कासव तीन बाजू चालले, आणि त्रिकोण मिटण्याऐवजी अर्धा षट्कोन होऊन उघडाच राहिला! वर्ग हसला, मग गप्प झाला, मग वाद करू लागला. आणि पंधरा-वीस मिनिटांनी एका विद्यार्थिनीने पुढे होऊन दाखविले की, वळावयाचे ते आतल्या कोनाइतके नव्हे, बाहेरच्या कोनाइतके, म्हणजे एकशे वीस अंश. आमच्या इतक्या वर्षांच्या अध्यापनात त्या अंगणातील वादाइतका चांगला तास आमच्या वाट्यास क्वचितच आला असेल. त्या दिवशी वीज गेलेली होती, हे जाता जाता नमूद करतो.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या मागण्या फार नाहीत. प्रथम वर्षाच्या पहिल्या सत्रात, शाखा कोणतीही असो, आठवड्यास एक तास रीत आणि आकृती यांस द्यावा. साधने कागद, कात्री, पट्टी, दोरी आणि जिल्ह्याचा नकाशा. विद्यार्थ्याने लिहिलेली रीत दुसऱ्या विद्यार्थ्याने अक्षरशः, आपल्या पदरची अक्कल न घालता, करून पाहावी. कोठे अडते ते दोघांसही दिसेल. परीक्षेत निदान एक प्रश्न असा असावा की जो कोणत्याही मार्गदर्शकात छापलेला नाही : नऊ पोती सोयाबीन, त्यांतील एकच वजनास कमी, दोन पारड्यांचा काटा दोनदाच वापरून ते पोते शोधण्याची रीत लिहा. (तीन-तीनचे ढीग करावे, हे ज्यास सुचेल त्याने प्रश्न फोडला.) आणि अशा प्रश्नात गुण केवळ उत्तरास नसावेत; आकृतीस व रीतीस असावेत. ज्या पेन्सिलीच्या चित्रावर आमच्या त्या विद्यार्थ्याने काट मारली, त्या चित्रासच गुण मिळतात हे एकदा मुलांस कळले, म्हणजे काट मारण्याची सवय आपोआप सुटेल. शिक्षक म्हणतील की अभ्यासक्रम पुरा होत नाही. आमचा त्यांस, आणि स्वतःसही, प्रश्न आहे : आज जो पुरा होतो, तो कोणाच्या डोक्यात पुरा होतो?

शेवटचे दोन शब्द घरोघरीच्या सुशिक्षित पालकांस. महाविद्यालयास दोष देऊन आपण सुटू असे त्यांनी समजू नये. शिकवणीस दोन तास पाठविणे, 'महत्त्वाचे प्रश्न' घोकून घेणे, आणि मुलाने वहीच्या मागल्या पानावर काही रेघोट्या ओढल्या तर "वेळ कशास घालवितोस?" म्हणून दटावणे, हे आपल्याच घरात चालते. पुढल्या रविवारी मुलास किंवा मुलीस एवढेच सांगून पाहा : आपल्या घराची वाट लिही, कोणासही विचारावे लागू नये अशी लिही. मग तो कागद घेऊन स्वतः बाहेर पडा, आणि लिहिल्याप्रमाणेच चाला. बहुधा आपण शेजारच्या वाड्यात जाऊन पोचाल. रागावू नका. परत येऊन कागद दोघांनी मिळून दुरुस्त करा, आणि पुन्हा चाला.